आग विझवण्याची वाळू

मॅडम एसिनाम म्हणतात, तपासणीला तारीख नसते,
ती असतेच. आपण तयार राहायचं.
म्हणून दर सोमवारी मी लोखंडी कपाट उघडते,
गंजानं दार अर्ध्यातच अडतं,
आणि सतरा फायली बाहेर काढून
त्यांच्या पाठीवरचं मीठ पुसते.

शिक्षकांचे परवाने नऊ, त्यांतले मुदतीतले आठ.
सेलासी सरांचा अर्ज अक्राला गेलाय, सात महिने झाले;
पोचपावतीलाच मी प्लास्टिक चढवून ठेवलंय.
पाण्याच्या टाकीचा दाखला. आचारीणबाईंचा आरोग्य दाखला,
ज्यात त्यांचं वजन चपलांसकट आहे,
कारण चपला काढायला त्या तयार नव्हत्या.

मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी हवी,
असं नियम एकोणीस म्हणतो.
ती मी स्वतः ठोकली, एफो कोजोचा हातोडा घेऊन.
शाळा सुटल्यावर कधीकधी आत जाते, कडी लावते,
मिनिटभर नुसती उभी राहते.
माझ्या शाळेत कडी नव्हती.

फाईल चार: जागेचा नकाशा.
मी रुजू झाले तेव्हा दक्षिणेला कुंपणभिंत होती,
तिच्या अलीकडे सहा माड, मग मैदान, मग पहिलीचा वर्ग.
नकाशा अद्ययावत ठेवणं कारकुनाकडे.
पहिल्या वर्षी मी भिंत पुसली.
काळ्या दगडावरची रेघ नव्हती ती, पेन्सिलीची होती,
तरी खोडरबरानं कागद सोलवटला.
पुढच्या वर्षी चार माड. त्याच्या पुढच्या वर्षी दोन,
आणि फुटबॉलचा एक गोल.
दुसरा आहे अजून. दोन्ही संघ त्याच एका गोलात मारतात
आणि गुण कुणाचा यावरून
मधली सुट्टी संपेपर्यंत भांडतात.

गळतीच्या तक्त्यात कारणांना चार रकाने आहेत:
गरिबी, आजार, लग्न, इतर.
गेल्या वर्षी एकतीस मुलं
खाडीपलीकडे राहायला गेली, घरांच्या पत्र्यांसकट.
मी एकतीसदा ‘इतर’.

न्यार्को साहेब गुरुवारी आले, न कळवता, कुमासीकडचे.
समुद्र बघून त्यांनी आधी टाय सैल केला.
आगीबद्दल त्यांच्याकडे अकरा प्रश्न होते.
लाल बादल्या? आठ.
वाळू भरलेली? भरलेली, साहेब.
एफो कोजो तोंड फिरवून खोकला;
त्यानं सकाळीच पहिलीच्या वर्गातून
पाच घमेली वाळू उपसली होती.

सीमाभिंत: आहे की नाही?
पेन थांबलं.
‘होती कुठे?’ त्यांनी विचारलं, मला नाही,
दारात अंगठा चोखत उभ्या असलेल्या सेफाकोरला.
तिनं ओला अंगठा काढला आणि लांबवर दाखवलं,
एक होडी जाळं ओढत होती तिथे.
‘माझा भाऊ तिच्यावर बसायचा,’ ती म्हणाली.
साहेब बराच वेळ त्या होडीकडे बघत राहिले.
मग चौकटीत काहीच न लिहिता
समासात लिहायला लागले, बारीक अक्षरात,
कागद आडवा करून, खालपर्यंत.
काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं नाही,
एरवी मला येतं.

अहवाल यायचाय अजून.
आज सोमवार. आम्ही चौघांनी मिळून कपाट
उत्तरेच्या भिंतीकडे सरकवलं, साडेतीन फूट.
जुन्या जागी फरशीवर त्याचे चार पाय उमटलेत, तांबडे.
सामान हलवलं की नोंद करावी लागते.
कारणाच्या रकान्यात मी ‘सोय’ लिहिलं.
मग ते खोडलं.
मग पूर्ण पान फाडून नव्यानं उतरवायला घेतलं,
खाडाखोड चालत नाही.